लार्सनला ग्लासगोत 'किंग' का म्हणतात, त्यामागची गोष्ट

मे 2006, पॅरिस, फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेची फायनल. आर्सेनल 1-0 ने पुढे, आणि तासभर झाल्यावर बार्सिलोनाने स्वीडनच्या 34 वर्षांच्या हेनरिक लार्सनला आत सोडला. वीस मिनिटांत त्याने दोन पास दिले, एकावर एटोने गोल मारला, दुसऱ्यावर बेलेटीने, झालं, कप बार्साचा. हरलेल्या आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीने तिथेच सांगून टाकलं की सगळे रोनाल्डिन्यो-एटो करत बसतात पण आज मॅच फिरवली ती लार्सनने.

आपल्याकडे स्वीडनचा फुटबॉल म्हटलं की झ्लाटान इब्राहिमोविच, बास. त्यामुळे हा माणूस कोण हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं, ग्लासगोवाल्यांना मात्र नऊ वर्षं आधीपासून माहीत होतं.

जन्म हेल्सिंगबोर्गचा, 1971 चा, वडील केप व्हर्दचे, आई स्वीडिश, आडनाव आईचं. 1994 च्या वर्ल्ड कपात स्वीडन तिसरा आला त्या टीममध्ये हा होता, डोक्यावर लांब जटा. क्लब तेव्हा हॉलंडचा फेयेनूर्ड, पण तिथे त्याचं बस्तान काही नीट बसेना आणि 1997 मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने फक्त साडेसहा लाख पौंडांत उचलला. पहिल्याच मॅचला, हिबर्नियनविरुद्ध, सबस्टिट्यूट म्हणून आला आणि पास दिला थेट समोरच्या टीमच्या चार्नलीला, त्याने गोल केला, सेल्टिक 2-1 ने हरली! एवढी फजितीची सुरुवात क्वचित कुणाची झाली असेल.

पण त्याच सीझनला सेल्टिकने लीग जिंकली. हे का मोठं, तर ग्लासगोतलाच कट्टर वैरी क्लब रेंजर्स सलग नऊ वर्षं जिंकत आलेला, दहावी जिंकला असता तर सेल्टिकवाल्यांना गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मग ऑक्टोबर 1999 मध्ये लियॉनविरुद्ध पाय मोडला, असा की बघवत नव्हतं. लोकांनी करिअर संपलं म्हणून सोडून दिलेलं. पठ्ठ्या परत आला आणि 2000-01 मध्ये लीगमध्ये 35, सगळ्या स्पर्धा धरून 53 गोल, युरोपातल्या लीगमधल्या टॉप स्कोअररला मिळणारा गोल्डन शू खिशात.

स्कॉटलंडची लीग म्हणजे लिंबूटिंबू, तिथे कोणीही गोल मारेल, असं म्हणणारे आहेतच. त्यांनी 2003 ची युएफा कप (युरोपातली दुसऱ्या नंबरची क्लब स्पर्धा) फायनल बघावी, स्पेनमधलं सेव्हिया शहर, समोर कोच मोरिन्योचा पोर्टो, लार्सनचे दोन हेडर. सेल्टिक 3-2 ने हरली ती गोष्ट वेगळी.

2004 मध्ये सेल्टिक सोडून गेला तोवर 315 मॅचमध्ये 242 गोल झाले होते. शेवटच्या घरच्या लीग मॅचला दोन मारले आणि मैदानातच रडला. आणि नशीब बघा, चारच महिन्यांत बार्साचा शर्ट घालून सेल्टिक पार्कवर खेळायला हजर, गोलही मारला. एरवी गोल झाला की जीभ बाहेर काढून धावणारा हा, त्या दिवशी सेलिब्रेशनच नाही, मान खाली घालून परत.