कनिष्ठ महाविद्यालयातील भाषा व संवादकौशल्ये (ठाणे–नवी मुंबई)

दहावीनंतरच्या आणि पदवीआधीच्या दोन वर्षांत शिकवले जाणारे भाषाविषय व त्यांना जोडलेले बोलण्या-लिहिण्याचे प्रशिक्षण. 'पदवीपूर्व' हा शब्द महाराष्ट्रात क्वचितच कानी पडतो. ठाण्यात काय किंवा वाशीत काय, लोक 'अकरावी-बारावी' किंवा 'ज्युनिअर कॉलेज' म्हणतात. राज्य मंडळाच्या बारावीला इंग्रजी सक्तीची असून तिच्या जोडीला दुसरी भाषा किंवा तिच्या बदल्यात चालणारा एखादा विषय घ्यावा लागतो. मंडळाचे मुख्यालय पुण्यात असले, तरी मुंबई विभागीय मंडळ वाशीत आहे. त्यामुळे मुंबईसह ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील बारावीच्या परीक्षेचा कारभार नवी मुंबईतूनच चालतो.

पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीला असे आणि मॅट्रिक झालेला विद्यार्थी थेट महाविद्यालयाच्या प्री-डिग्रीच्या वर्गात जाऊन बसे. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने 1969 साली जोशी-बेडेकर महाविद्यालय काढले ते याच काळात. 1975 साली नव्या आकृतिबंधातील (दहावी, मग दोन वर्षे आणि त्यानंतर पदवी) दहावीची पहिली परीक्षा झाली आणि पुढची दोन वर्षे 'कनिष्ठ महाविद्यालय' या नावाने वेगळी निघाली. तेव्हापासून ही दोन वर्षे ना धड शाळेची, ना धड कॉलेजची. मुले पहिल्या मजल्यावर, पदवीचे वर्ग दुसऱ्यावर, अशी व्यवस्था आजही पुष्कळ ठिकाणी दिसते.

सध्याची पाठ्यपुस्तके बालभारतीची असून ती 'युवकभारती' या नावाने निघतात. अकरावीचे पुस्तक 2019 मध्ये बदलले, बारावीचे 2020 मध्ये. मराठीच्या पुस्तकात गद्य-पद्य, साहित्यप्रकार आणि व्याकरण यांच्याबरोबर 'उपयोजित मराठी' हा स्वतंत्र भाग आहे. सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद हे घटक अकरावीत येतात; मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख बारावीत. इंग्रजीच्या पुस्तकातही सारांशलेखन, टिपणे काढणे, गटचर्चा आणि प्रवेशासाठी स्वतःविषयी लिहायचे निवेदन असे घटक आहेत. निबंध आणि रसग्रहण यांवर पोसलेल्या जुन्या पिढीला हे सारे कारकुनी वाटते, पण तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलाखतीचाच घटक घ्या. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातल्या एखाद्या माथाडी कामगाराला 'तुम्हाला काम आवडते का?' असे विचारले, तर तो 'हो' म्हणेल आणि विषय संपेल. 'पहाटे गाडी आली की आधी काय करता?' असे विचारले, की पुढची दहा मिनिटे मुलाला फक्त लिहून घ्यायचे उरते. प्रश्न कसा विचारावा, मध्येच कधी थांबावे, ऐकलेल्यातले काय गाळावे, हे निबंध लिहून कळत नाही. अहवालाचेही तसेच. 1893 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात एखाद्या कार्यक्रमाला जाऊन कोण बोलले, किती वाजता सुरू झाले, काय ठरले एवढेच लिहायला सांगितले, तर पहिल्या खर्ड्यात निम्मे शब्द विशेषणेच निघतात. अहवाल म्हणजे विशेषणे खोडण्याचा व्यायाम, हे शिक्षकाने एकदा लाल पेनाने दाखवले की पुरते.

अडचण पुस्तकात नाही, गुणांच्या हिशेबात आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांत भाषेचा पेपर नसतो. साहजिकच विज्ञान शाखेचा विद्यार्थी क्लासला जातो आणि भाषेच्या तासाला दांडी मारतो. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय आहे. संगणकशास्त्रासारखा दोनशे गुणांचा द्विलक्षी (बायफोकल, म्हणजे व्यवसायाकडे झुकणारा) विषय घेतला, तर दुसरी भाषा आपोआप सुटते. संस्कृत, जर्मन, फ्रेंच हे पर्याय 'स्कोअरिंग' म्हणून घेतले जातात. मराठी सक्तीचा 2020 चा कायदा पहिली ते दहावीपुरता आहे. म्हणजे घणसोलीच्या मराठी घरातला मुलगा सोळाव्या वर्षी मराठीला कायदेशीर रामराम ठोकू शकतो, आणि पुष्कळ जण ठोकतात. विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी असते, पत्रकारितेच्या पदवीला लेखन लागतेच. तिकडे वळणाऱ्या कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना मात्र हे दोन वर्षांचे काम पुढे उपयोगी पडते.

भाषेची लेखी परीक्षा 80 गुणांची, उरलेले 20 तोंडी व अंतर्गत कामाचे. संवादकौशल्य म्हणून जे काही मोजले जाते ते प्रामुख्याने या वीस गुणांत. मोठ्या तुकडीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटे येतात. मग पाठ केलेली स्वतःची ओळख, एखादा परिच्छेद वाचून दाखवणे आणि सढळ हाताने गुण, असा शिरस्ता पडतो. खरे तर या भागातल्या वर्गाइतकी बोलण्याच्या अभ्यासाला सोयीची जागा शोधून मिळणार नाही. खाडीकाठच्या मूळ गावांतली आगरी-कोळी मुले घरी 'मला' ऐवजी 'मना' आणि 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणतात. कोपरखैरणेतली माथाडी कुटुंबे साताऱ्याकडची बोली घेऊन आली. शेजारच्या बाकावरची मुलगी घरी तमिळ किंवा मल्याळी बोलते आणि बसमध्ये हिंदी. अशा वर्गात तोंडी परीक्षेला आगरी वळणाने बोललेल्या वाक्याचे गुण कापायचे का, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. काही शिक्षक कापतात. काही जण तेच वाक्य फळ्यावर लिहून त्याखाली प्रमाण मराठीतले रूप लिहितात आणि कुठे कोणते बोलायचे, ते मुलांनाच ठरवायला सांगतात.