मीठ दाट, विषाणू शांत

शिरोडा असो की उरण, पाणी आटत आलं की मिठागराच्या शेवटच्या वाफ्यांना गुलाबी-तांबूस झाक चढते. हा रंग मुख्यतः त्यात राहणाऱ्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ धरू लागतं तेव्हा ते ३०० ग्रॅमच्या वर गेलेले असतात. अशा पाण्यात बहुतेक जीव सुकून मरतील. आर्किया मात्र स्वतःच्या पेशीतच पोटॅशियमचे क्षार ठासून भरतात. त्यांना भीती उलटी आहे: पाणी फार पातळ झालं की पेशी फुटते.

त्यांना खाणारे एकपेशीय जीव इतक्या खारात फारसे टिकत नाहीत. मारेकरी उरतात ते विषाणू. स्पेनच्या मिठागरांत एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी विषाणू-कण मोजले गेले आहेत. त्यातले बरेचसे लिंबासारखे, दोन्ही टोकांना निमुळते. आणि खार वाढला की त्यांची संख्याही वाढते.

आर्कियांच्या अशा विषाणूची पहिली नोंद १९७४ ची, टॉर्सविक आणि डुंडास यांची. गंमत म्हणजे तेव्हा त्याचा यजमान, म्हणजे तो ज्याच्या पेशीत वाढतो तो जीव, जिवाणूच समजला जाई. आर्किया हा वेगळा गट असल्याचं कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवलं. टॉर्सविक आणि डुंडास यांनीच १९८० मध्ये या विषाणूबद्दल जे मांडलं, ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. मीठ दाट असताना हा विषाणू यजमानांच्या वस्तीत फारशी हानी न करता टिकून राहतो. मीठ पातळ केलं की मात्र तो पेशी फोडून बाहेर पडतो. यजमान तसाही मरणार असेल, तर त्याआधी आपली पिल्लावळ बाहेर काढलेली बरी!

आता कोकणातला जून आठवा. मृगाच्या सरी कोसळल्या की मिठाचा हंगाम आटोपतो आणि वाफे पावसाच्या पाण्याने भरतात. महिनोन्महिने दाट होत गेलेला खार पाहता पाहता उतरतो. प्रयोगशाळेतल्या त्या विषाणूसाठी हाच इशारा होता.

सगळ्यांची रीत अशी नाही. इटलीच्या मिठागरातून २००९ मध्ये नोंदवलेला एचआरपीव्ही-१ हा आर्कियांचाच विषाणू पेशी न फोडताच बाहेर पडतो. यजमान जगतो, फक्त त्याची वाढ मंदावते.