मूल वाचवायला किती लागतात, न वाचवायला किती

कर्नाटक सरकारच्या हिशेबात माजी देवदासींच्या पेन्शनचा एक खर्च असतो. 2007-08 च्या सर्वेक्षणात राज्यात 46,660 देवदासींची नोंद झाली. बहुतेक उत्तर कर्नाटकातल्या, आणि यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर तर बेळगाव जिल्ह्यातच. सगळ्यांना दरमहा दीड हजार मिळतात असं नुसतं धरून चाललं, तरी वर्षाला 84 कोटी होतात.

हा खर्च कशाचा? आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात मोती बांधून तिला यल्लम्माला सोडली, त्याचा. आज साठीत असलेल्या बाईला मिळणारे पैसे हे पन्नास वर्षांपूर्वी तिच्यावर झालेल्या अत्याचाराचं बिल आहे, ते आता येतंय एवढंच. त्यात मोठ्या रकमा धरलेल्याच नाहीत: तिची बुडालेली शाळा, न मिळालेली मजुरी, आजारपणं, तिच्या मुलांची झालेली आबाळ. आणि बंदी काही नवी नव्हती. मुंबई इलाख्यात, म्हणजे तेव्हाच्या बेळगावातही, देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा 1934 साली झाला. कर्नाटकाचा स्वतःचा 1982 साली. 2007 च्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या बायका पहिल्या कायद्यानंतर सोडलेल्या. कायदा होता, तो गावात राबवायला माणसं आणि पैसा नव्हता.

ही बिलं मोजायचं शास्त्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभं राहिलं. सुरुवात डॉक्टरांनी केली. 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेलिटी आणि अँडा यांनी सॅन दिएगोतल्या हजारो प्रौढ रुग्णांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारझोड. चार किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. हृदयविकार, कर्करोगसुद्धा वाढलेले. सतत भीतीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात ताणाची यंत्रणा कायम चालू राहते. मेंदूची वाढ, झोप, प्रतिकारशक्ती, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

मग अर्थतज्ज्ञ आले. करी आणि विडम यांनी 2010 साली अमेरिकेतली अशी माणसं तपासली, ज्यांच्या बालपणीच्या छळाची नोंद कोर्टाच्या दप्तरात होती, आणि त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या इतरांशी तुलना केली. चाळिशीत पोचल्यावर नोकरीत असण्याच्या शक्यतेत 14 टक्क्यांचा फरक. मला या सगळ्या संशोधनात हाच आकडा सर्वांत भक्कम वाटतो, कारण तो माणसांच्या आठवणींवर उभा नाही.

असे तुकडे जोडून एका पीडित मुलामागे आयुष्यभराचा खर्च काढतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी 2012 साली तो सुमारे 2 लाख 10 हजार डॉलर सांगितला, आणि 2018 साली सुमारे 8 लाख 30 हजार. सहा वर्षांत मुलांचे हाल चौपट झाले नव्हते. दुसऱ्या वेळी वेदना आणि आयुष्याची खालावलेली प्रत यांनाही किंमत लावली होती. म्हणून असा आकडा कुठे वाचला की आधी बघावं, त्यात काय काय धरलंय.

देशादेशांची तुलना करताना तर पाय आणखीनच घसरतो. दक्षिण आफ्रिकेत मुलांवरील हिंसेचा 2015 सालचा भार देशाच्या उत्पन्नाच्या 4 ते 5 टक्के काढला गेला, पूर्व आशिया आणि प्रशांत भागात सुमारे 2 टक्के. यात गमवलेल्या निरोगी वर्षांना त्या त्या देशाच्या दरडोई उत्पन्नाने गुणलेलं असतं. म्हणजे रायबागच्या ऊसतोड टोळीबरोबर फिरणाऱ्या पोराचं एक वर्ष अटलांटातल्या पोराच्या वर्षापेक्षा कितीतरी स्वस्त. गणित म्हणून बरोबर, पण ते वाचताना जीभ कडू होते. त्यापेक्षा उत्पन्नाशी टक्केवारी बघावी, डॉलरची तुलना सोडून द्यावी.

रोखण्याचा खर्च मात्र गरीब देशात खरंच कमी असतो, कारण तो मुख्यतः माणसांच्या पगाराचा. अमेरिकेतल्या एल्मायरा गावात 1970 च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड ओल्ड्स यांनी गरीब, तरुण गरोदर बायकांकडे नर्स पाठवल्या, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी 48 टक्के कमी. रँड या संस्थेने हिशेब केला: जास्त धोक्याच्या घरांत डॉलरमागे 5.70 परत, कमी धोक्याच्या घरांत जेमतेम 1.26. सरसकट वाटलं की पैसा विरघळतो. ब्रिटनने हाच कार्यक्रम नेला, तेव्हा 2016 च्या चाचणीत ठरवलेले मुख्य फायदे दिसले नाहीत. तिथे सरकारी आरोग्यसेविका आधीपासूनच घरी जात होत्या. दक्षिण आफ्रिकेत किशोरवयीन मुलं आणि पालक यांना एकत्र बसवणाऱ्या कार्यक्रमात छळाचा एक प्रसंग टाळायला 1,837 डॉलर लागले, आणि टाळल्याचा फायदा 2,724 निघाला. चाचणी संपून मोठ्या प्रमाणावर राबवला तर खर्च आणखी उतरतो.

इतका फायदा असून सरकारं खर्च का करत नाहीत? एक कारण व्याजाचं. वीस वर्षांनी वाचणारे शंभर रुपये दरसाल 3 टक्के वटावाने आजच्या किमतीत 55 होतात, 7 टक्क्यांनी 26. निवडणूक तर पाच वर्षांनीच येते. दुसरं कारण आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात उघड्यावर दिसतं. खानापूरच्या मुलीच्या शाळेवर आणि सुरक्षिततेवर खर्च करणार बंगळूर. ती शिकून नोकरीला जाणार पुण्याला किंवा गोव्याला, कर भरणार तिकडे. उलट निपाणीच्या माणसाचं दुखणं वाढलं की खाट अडते कोल्हापुरात नाहीतर मिरजेत. खर्च एका राज्याचा, फायदा दुसऱ्याचा, आणि सीमेवर वाद घालायला दोघंही तयार, या हिशेबाला मात्र कोणी बसत नाही.

नंतरचा खर्च किती बारीकसारीक असतो ते पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, एका खटल्यावरून कळतं. जबाब घेणारे पोलीस गणवेशात नकोत. कलम 38 प्रमाणे मुलाची साक्ष घेताना गरज असेल तिथे कोर्ट दुभाषा घेऊ शकतं. मराठी शाळेतली चौथीची पोर कानडीत चालणाऱ्या कोर्टात उभी राहते तेव्हा हे कलम कागदावर ठेवून चालत नाही. वैद्यकीय तपासणी, विशेष न्यायालय, भरपाई. आईची दर तारखेला बुडणारी विडीची मजुरी कुठल्याच खात्यात लिहिली जात नाही.

केंद्र सरकारचा 2007 चा बाल-अत्याचाराचा मोठा अभ्यास 13 राज्यांत झाला, 12,447 मुलांशी बोलून. अर्ध्याहून अधिक, 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. त्यात महाराष्ट्र होता, गोवा होता. शेजारचं कर्नाटक नव्हतं.

पण इथे काम झालेलं नाही असं नाही. सीमेपलीकडे गडहिंग्लजला 1975 साली देवदासींची परिषद भरली, सीमेच्या अलीकडे घटप्रभेत 1997 साली 'मास' ही माजी देवदासींचीच संस्था उभी राहिली. कुठल्या घरात यंदा मोती बांधायचं घाटतंय हे या बायकांना जत्रेच्या आधी कळायचं, आणि त्या दारात जाऊन बसायच्या. एल्मायरातली नर्सही दारातच जायची. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आणि आशाताई दोघी आधीच घरोघरी फिरतात, वजनं घेतात, लसीच्या तारखा सांगतात. वाढीव खर्च उरतो तो प्रशिक्षणाचा, चार जादा भेटींच्या मानधनाचा, आणि धोक्याची घरं कोणती हे नीट निवडण्याचा.