अ‍ॅनलमेंट म्हणजे चर्चचा घटस्फोट नव्हे

‘तिला चर्चमधून घटस्फोट मिळाला’ असं आपल्या कॅथलिक घरांतही सहज बोललं जातं. पण कॅथलिक चर्च घटस्फोट देतच नाही. देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये, या येशूच्या शब्दांवर चर्च ठाम आहे. चर्चच्या न्यायालयाकडून मिळतं ते अ‍ॅनलमेंट, म्हणजे हे लग्न मुळात वैध झालंच नव्हतं, असा निवाडा.

घटस्फोटात कोर्ट लग्नानंतर काय झालं ते पाहतं: मारहाण, व्यभिचार, सोडून जाणं. लग्न होतं, आता संपलं, असं ते म्हणतं. अ‍ॅनलमेंटमध्ये सगळी चौकशी येऊन थांबते ती लग्नाच्या दिवसापाशी. चर्चच्या कायद्याप्रमाणे (कलम 1057) लग्न घडतं ते दोघांच्या संमतीने. ती संमती खरी होती का? घरच्यांच्या धाकाने मुलगी ‘हो’ म्हणाली असेल (1103), संसार उद्ध्वस्त करू शकेल अशी गोष्ट फसवून लपवली असेल (1098), मूल होऊच द्यायचं नाही असं एकाने मनाशी पक्कं ठरवलं असेल (1101), तर ते लग्न अवैध ठरू शकतं. नंतरची मारहाण हे स्वतंत्र कारण होत नाही. मात्र त्या माणसाची लग्नाची जबाबदारी पेलण्याची कुवत सुरुवातीपासूनच नव्हती, याचा पुरावा त्यातून मिळू शकतो. न्यायालयात विवाहबंधनाच्या बाजूने बोलायला एक अधिकारी नेमलेलाच असतो. पूर्वी अशा निवाड्यावर दुसऱ्या न्यायालयाचीही मोहोर लागायची. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ती अट काढली.

मुलांचं काय, ही आयांची पहिली भीती. कलम 1137 स्पष्ट आहे: निदान एकाने तरी ते लग्न वैध मानून केलं असेल, तर अ‍ॅनलमेंटनंतरही त्यातली मुलं औरसच राहतात.

देशाच्या कायद्यात मात्र चर्चच्या निवाड्याने लग्न सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हे सांगितलं आणि 2017 मध्ये पुन्हा. म्हणजे अ‍ॅनलमेंट हातात आहे, पण कोर्टाचा हुकूम नाही, आणि दुसरं लग्न केलं, तर द्विभार्याविवाहाचा गुन्हा लागू शकतो. (गोव्यात पोर्तुगीज काळातल्या कायद्यामुळे चित्र वेगळं राहिलं.) कोर्टाचा रस्ताही बायकांसाठी फार काळ खडतर होता. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरताही किंवा टाकून जाणंही सिद्ध करावं लागे. ही विषमता 2001 मध्ये गेली.

घटस्फोट आणि अ‍ॅनलमेंट यांची गल्लत झाली की सगळ्यात जास्त सोसते ती टाकलेली किंवा मार खाल्लेली बाई. कोर्टातून घटस्फोट घेतला म्हणजे आपण पापी, आता कम्युनियन (चर्चच्या उपासनेत रांगेत उभं राहून घ्यायचा ख्रिस्तप्रसाद) नाही, असं समजून ती रविवारी मागच्या बाकावर बसून राहते. कुणी तिला तसं सांगतंही, आणि ते चूक आहे. जीव किंवा मन धोक्यात असेल तर वेगळं राहण्याचा हक्क चर्चचाच कायदा देतो (1153). हक्कांचं, मुलांचं आणि वारशाचं रक्षण दुसऱ्या मार्गाने होत नसेल, तर दिवाणी घटस्फोट नैतिक अपराध नाही, असं चर्चच्या धर्मशिक्षणात लिहिलेलं आहे. अडचण येते ती पहिलं बंधन चर्चच्या नजरेत कायम असताना दुसरं लग्न केल्यावर, आणि अ‍ॅनलमेंटची गरज भासते तीही पुन्हा लग्न करायचं असेल तेव्हाच. पुन्हा लग्न न केलेल्या घटस्फोटितांना ख्रिस्तप्रसादातून बळ घेण्याचं प्रोत्साहन द्यावं, असं पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये लिहिलं. तिच्या शेजारी बसणाऱ्यांनी तिला हे सांगायला हवं, आणि पुढच्या रविवारी तिच्यासोबत रांगेत उभं राहायला हवं.