पिसुर्लेकर की पिस्सुर्लेंकार? गोव्याच्या तालिकेतल्या नावांची पार्श्वभूमी

गोव्यातल्या जुन्या संग्रहाच्या तालिकेत (ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीत) 'कामत' टाकून शोधलं, तर काही पुस्तकं हाती लागतच नाहीत. ती पोर्तुगीज वळणाच्या 'कामोतीं'खाली बसलेली असतात. तसेच प्रभू 'पोरोबो'खाली आणि शेणवी 'सिनाय'खाली. नवा ग्रंथपाल याला टंकचूक समजतो आणि दुरुस्त करायला घेतो. खरा घोळ तिथून सुरू होतो.

१५ सप्टेंबर १८३२ रोजी व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु यांच्या कारकिर्दीत पणजीत 'पुब्लिका लिव्रारिया' सुरू झाली. आजचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. १८३४ साली पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले आणि गोव्यातल्या मठांची पुस्तकं इथे येऊन पडली. साहजिकच पाया लॅटिन-पोर्तुगीज झाला. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरची बंधनं सैल झाली आणि गोव्यात मराठी वाचनालयांनी मूळ धरलं. मुक्तीनंतर इंग्रजीची भर पडली. प्रत्येक काळाने नावं आपापल्या कानाने लिहिली, एवढंच.

इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचं उदाहरण घ्या. गाव पिसुर्लें, शेवट अनुनासिक. पोर्तुगीज वळणाने तो 'एम'ने लिहायचा. पुढे 'कर' लागलं की 'एम'चा 'एन' होतो. 'क'साठी 'के' नाही, 'सी' वापरायचा. म्हणून रोमी (म्हणजे रोमन) अक्षरांत ते 'पिस्सुर्लेंकार' दिसतात. त्यांचं लेखन पोर्तुगीजमध्येही आहे आणि मराठीतही, त्यामुळे एकच माणूस दोन लिप्यांत विभागला जातो. त्यात १९११ची पोर्तुगीज शुद्धलेखन-सुधारणा: 'बिब्लिओथेका' (ग्रंथालय) या शब्दातला 'एच' गेला, 'पीएच'च्या जागी 'एफ' आला. ग्रंथालयाचं स्वतःचं नावसुद्धा दोन स्पेलिंगांत सापडतं!

उपाय नावाच्या प्रमाण-नोंदीत आहे (एका माणसाची सगळी रूपं एकत्र बांधणारी वेगळी नोंद), पुस्तकाच्या नोंदीत नव्हे. एक रूप प्रमाण धरून ते मार्क २१ या संगणकीय नोंद-साच्याच्या १०० क्रमांकाच्या क्षेत्रात (रकान्यात) घाला. बाकी सगळी रूपं, देवनागरीसकट, ४०० क्षेत्रात 'पाहा' म्हणून द्या. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर ही पर्यायी रूपं शोधात धरण्याची प्रणाली-पसंती (सेटिंग) मुळात बंद असते. ती चालू करून पूर्ण पुनर्निर्देशांकन करा, म्हणजे शोधाची अनुक्रमणिका नव्याने बांधा. पुनर्निर्देशांकन राहिलं की काहीच बदलत नाही, आणि दोष बिचाऱ्या प्रमाण-नोंदीला दिला जातो.

शीर्षकाला मात्र हात लावू नये. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जसं छापलं तसंच पुस्तकाच्या नोंदीतल्या २४५ क्षेत्रात. आजचं स्पेलिंग २४६मध्ये. सरसकट 'शोधा-बदला' चालवून जुनी शीर्षकं 'सुधारली' की आवृत्ती ओळखण्याचा पुरावाच जातो.

कोंकणीची गुंतागुंत वेगळी. रोमी असो वा देवनागरी, भाषेचा कोड एकच, म्हणून लिपी ५४६ क्षेत्रात स्पष्ट लिहावी लागते. ड्युई या पुस्तक-वर्गीकरणाच्या क्रमांकांत मराठी साहित्य ८९१.४६ आणि कोंकणी ८९१.४६९, म्हणजे मराठीच्या पोटात. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली. क्रमांक मात्र तसाच. यावर गोव्यात वाद घालायचा तर दुपार पुरत नाही. कामापुरतं पाहिलं तर दोन्ही लिप्यांची पुस्तकं एकाच कप्प्यात येतात, तेव्हा पुस्तकाच्या कण्यावरच्या चिठ्ठीत 'रो' किंवा 'दे' जोडलेलं बरं.

युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत भरलेल्या मराठी नोंदी तर नव्या प्रणालीत नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. फॉन्टचं नाव कळल्याशिवाय रूपांतर करू नका. चुकीचा रूपांतर-तक्ता लावला की जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या बिघडतात, आणि नंतर ते हातानेच निस्तरावं लागतं. अशा वेळी पडताळायला जुनी दाखलनोंद वही (आलेलं प्रत्येक पुस्तक हाताने नोंदवलेली) लागते. नोंदी संगणकावर गेल्या म्हणून ती वही रद्दीत घालू नये.