वारंवारता मॉड्युलेशन, म्हणजेच एफएम

रेडिओच्या वाहक लहरीवर संदेश चढवण्याची एक पद्धत. हिच्यात वाहकाचा आयाम (लहरीची उंची) कायम राहतो आणि त्याची वारंवारता संदेशाच्या चढउतारानुसार कमीजास्त होते. एएममध्ये, म्हणजे आयाम मॉड्युलेशनमध्ये, नेमके उलट असते: वारंवारता कायम, आयाम कमीजास्त.

समजा, १०० मेगाहर्ट्झच्या वाहकावर १ किलोहर्ट्झचा एकच सूर चढवला. सूर पुरेसा मोठा असेल तर वाहक १००.०७५ मेगाहर्ट्झपर्यंत चढतो, ९९.९२५ पर्यंत उतरतो, आणि ही ये-जा सेकंदाला १,००० वेळा होते. सुराचा आयाम पाचव्या हिश्श्यावर आणला, तर वाहक दोन्ही बाजूंना जेमतेम १५ किलोहर्ट्झ सरकतो. ये-जा मात्र सेकंदाला १,००० वेळाच. किती सरकायचे हे आयाम ठरवतो, किती वेळा सरकायचे हे सुराची वारंवारता. शिकणाऱ्यांचा घोळ बहुधा इथेच होतो. पाठ्यपुस्तकातली दाटविरळ लहरींची आकृतीही त्यात भर घालते, कारण ७५ किलोहर्ट्झचा फरक १०० मेगाहर्ट्झच्या ०.०७५ टक्केच आहे. खऱ्या प्रमाणात काढली तर ती आकृती साध्या वाहकासारखीच दिसेल.

या सरकण्याला विचलन म्हणतात. विचलन भागिले संदेशाची वारंवारता म्हणजे मॉड्युलेशन निर्देशांक. ध्वनिप्रसारणात कमाल विचलन ७५ आणि ध्वनीची वरची मर्यादा १५ किलोहर्ट्झ धरतात. तिथे निर्देशांक ५ येतो.

विचलन अगदी कमी ठेवले की वाहिनी, म्हणजे सिग्नलला लागणारी वारंवारतांची जागा, हीही तेवढीच अरुंद होईल, अशी सुरुवातीला अनेकांची समजूत होती. अमेरिकन अभियंते जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये गणिताने ती खोडून काढली. वारंवारता हलली की वाहकाच्या दोन्ही अंगांना संदेशाच्या वारंवारतेइतक्या अंतरावर पार्श्वघटकांची (वाहकाच्या आजूबाजूच्या नव्या वारंवारतांची) रांग लागते, आणि तत्त्वतः ती संपतच नाही. व्यवहारात पट्टारुंदी, म्हणजे ही एकूण जागा, विचलन आणि संदेशाची कमाल वारंवारता यांच्या बेरजेच्या दुप्पट धरतात: २ × (७५ + १५) = १८० किलोहर्ट्झ. घटकांचे आयाम बेसेल फलने नावाची गणिती सूत्रे देतात. त्यातली एक गंमत अशी की निर्देशांक सुमारे २.४०५ झाला की मूळ वाहकाचा घटक शून्य होतो, सगळी शक्ती पार्श्वघटकांत जाते. स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (प्रत्येक वारंवारतेची शक्ती रेघांनी दाखवणाऱ्या यंत्रावर) मधली, म्हणजे वाहकाची रेघ नाहीशी होताना पाहून विचलन अचूक मोजता येते. १ किलोहर्ट्झच्या सुराला त्या क्षणी ते २.४०५ किलोहर्ट्झ असते.

मग इतकी जागा खाणारी पद्धत हवी कशाला? उत्तर अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांनी दिले. १९३३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले. पट्टा वाचवण्याऐवजी त्यांनी तो मुद्दाम रुंद केला. विजेचा कडकडाट किंवा मोटारींच्या ठिणग्या लहरीच्या आयामात जी गडबड करतात, ती ग्राहकातला (रेडिओ संचातला) लिमिटर, म्हणजे आयाम ठरावीक पातळीवर कापणारा भाग, छाटून टाकतो. खरखर लहरीची कलाही (फेज, म्हणजे आवर्तनातली तिची जागा) थोडी हलवते, ती छाटता येत नाही; पण विचलन मोठे असले की तिच्या तुलनेत संदेश भारी पडतो. स्वच्छ आवाजाचे श्रेय सरसकट लिमिटरला देतात, ते अपुरे आहे. खरी किंमत पट्टारुंदीच्या रूपाने मोजलेली असते.

हा फायदा सिग्नल पुरेसा तगडा असेपर्यंतच. तो एका उंबरठ्याखाली गेला की आवाज हळूहळू न बिघडता तडतडत कोसळतो. उरणारी खरखर तीव्र सुरांकडे वाढत जाते, म्हणून प्रक्षेपक ते सूर आधीच उठावदार करतो आणि ग्राहक तितकेच दाबतो. त्यासाठी देशागणिक ५० किंवा ७५ मायक्रोसेकंदांचा कालस्थिरांक (हा उठाव कुठल्या वारंवारतेपासून सुरू होतो ते ठरवणारा आकडा) वापरतात.

ग्राहकात सिग्नल सहसा १०.७ मेगाहर्ट्झवर आणून डिस्क्रिमिनेटरने (वारंवारतेतला बदल व्होल्टेजमध्ये उतरवणाऱ्या मंडलाने) किंवा फेज लॉक्ड लूपने (सिग्नलच्या मागोमाग स्वतःची लहर चालवणाऱ्या मंडलाने) उलगडतात. सॉफ्टवेअर रेडिओत लागोपाठच्या दोन नमुन्यांमधला कलाफरक मोजला की काम भागते. स्टिरिओसाठी डाव्या-उजव्या वाहिनीची बेरीज नेहमीच्या जागी, वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (संदेशातच मिसळलेल्या दुय्यम वाहकावर) आणि खुणेचा सूर १९ किलोहर्ट्झवर असतो. बेरीज शाबूत असल्यामुळे साध्या मोनो संचालाही पूर्ण कार्यक्रम ऐकू येतो.

एकाच वारंवारतेवर दोन केंद्रे आली तर एफएम ग्राहक बलवान केंद्र पकडतो, दुबळे जवळजवळ गिळून टाकतो. संगीताला हे सोयीचे असले तरी विमानांच्या व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) रेडिओ संभाषणात घातक ठरू शकते. तिथे अजून एएमच चालते. दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर निदान शिट्टीसारखा आवाज येतो आणि कुणाचे तरी बोलणे कापले गेले, हे नियंत्रकाला कळते.