लेशधातू, पुराखडकांतील

लेशधातू, पुराखडकांतील : गाळाच्या प्राचीन खडकांत दशलक्षांश किंवा अब्जांश इतक्या अल्प प्रमाणात सापडणाऱ्या धातूंवरून त्या काळचे ज्वालामुखी उद्रेक व जीवसृष्टी यांचा माग काढण्याची पद्धत. पारा, मॉलिब्डेनम, निकेल व इरिडियम हे यातील महत्त्वाचे धातू.

ठाणे व नवी मुंबईतील पारसिक, येऊर, खारघर येथील काळा कातळ दक्षिण ट्रॅपचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. तरीही उद्रेकाचा पारा या डोंगरांत शोधून फारसे हाती लागत नाही. तुर्भ्याकडच्या खाणीतील दगड फुटला की आत झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या दिसतात. ते मूळचे वायूचे बुडबुडे. वायू केव्हाच निघून गेला. पाराही असाच वायुरूपाने निसटतो, हवेत काही महिने ते वर्षभर राहून जगभर पसरतो आणि सेंद्रिय द्रव्याला किंवा गंधकयुक्त खनिजांना चिकटून दूरच्या गाळात बसतो. डोंगर इथे आणि त्याची साक्ष परक्या चिखलात, ही या अभ्यासातील सर्वांत विलक्षण गोष्ट होय.

गाळात पारा वाढला म्हणजे उद्रेक झालाच, असे मात्र नाही. वणवे व जमिनीची धूप यांनीही तो वाढतो. गाळात सेंद्रिय द्रव्य जास्त असले तर तो अधिक धरून ठेवला जातो. म्हणून पारा व सेंद्रिय कार्बन यांचे गुणोत्तर काढतात आणि पाऱ्याची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासतात. दोन्ही जुळल्याखेरीज ज्वालामुखीकडे बोट दाखवू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दक्षिण ट्रॅपच्या कालक्रमाबाबतही एकमत नाही. डायनोसॉरांच्या शेवटच्या, क्रिटेशस कल्पाचा अंत सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाला आणि त्याच वेळी पृथ्वीवर एक प्रचंड अशनी आदळली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांपैकी खडकांचे वय काढण्याच्या युरेनियम-शिसे पद्धतीच्या अभ्यासाने उद्रेकाचे चार जोरदार टप्पे मांडले व त्यांतील एक या अशनिपाताच्या थोडा आधी ठेवला. वय काढण्याच्याच आर्गॉन पद्धतीच्या अभ्यासानुसार लाव्ह्याचा सु. तीन-चतुर्थांश भाग अशनिपातानंतरचा आहे. साष्टी बेटाच्या (मुंबई उपनगरे व ठाणे) पश्चिमेकडील काही खडक आणखी अलीकडचे, सु. ६ ते ६.३ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. अशनिपाताची खूण इरिडियम. इटलीतील गुब्बिओ येथील चिकणमातीच्या पातळ थरातील त्याची वाढ १९८० मध्ये जाहीर झाली.

याहून फार जुना पुरावा पश्चिम ऑस्ट्रेलियातील मौंट मॅक्रे शेल या चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात आहे. सु. २५० कोटी वर्षांपूर्वीच्या या थरांतील मॉलिब्डेनमची वाढ ऑक्सिजनच्या क्षणिक चाहुलीची खूण समजली जाते, कारण जमिनीवरील खनिजे ऑक्सिजनने झिजल्याखेरीज मॉलिब्डेनम समुद्रात पुरेसा पोचत नाही. त्याच्याआधीच्या थरांत पारा वाढलेला दिसतो. ताज्या लाव्ह्याच्या झिजेतून फॉस्फरस मिळून ऑक्सिजन बनवणारे सूक्ष्मजीव फोफावले असावेत, असा कयास २०२१ मध्ये मांडला गेला. निकेल घटल्याने मिथेन बनवणारे जीव मागे पडले व ऑक्सिजन साचण्यास वाव मिळाला, असेही एक मत आहे.

सेंद्रिय द्रव्य असलेला गाळ धातू धरून ठेवतो, हा न्याय आजच्या गाळालाही लागू पडतो. २०२२ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत असलेल्या ठाणे खाडीच्या काळ्या, बारीक चिखलात कारखान्यांचे धातू साचतात. भरड वाळूत ते तितके टिकत नाहीत.